देवाचा पलंग आणि सरकारची पूजा

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढतात. वारी भरू लागली, आता देवाला झोप नाही. एरवी काकड्याला उठणारा, दुपारी पोशाख बदलणारा आणि शेजारती झाली की निजणारा हा देव त्या दिवसांत चोवीस तास उभा असतो. पाठीला टेकण म्हणून मागे लोड ठेवतात. रात्री लिंबूपाण्याचा नैवेद्य होतो. वारी पांगली की प्रक्षाळपूजा: गरम पाण्याचं स्नान, हजारो हातांनी आणि कपाळांनी तेलकट झालेल्या पायांना लिंबू-साखर चोळणं, आणि शिणवटा जावा म्हणून काढा. मग पलंग परत आत जातो.

देवाचा हा संसार चालवणारी मंदिर समिती सरकारने नेमलेली असते. पलंग काढायचा दिवस पंचांगातून येतो. दर्शनबारी गोपाळपूर रस्त्यावरच्या पत्राशेडपर्यंत कशी वळवायची, पदस्पर्शाची रांग कधी थांबवायची, दानपेट्या कधी उघडायच्या, हे समितीच्या कार्यकारी अधिकाऱ्याच्या सहीने ठरतं, आणि तो बहुधा महसूल खात्यातून आलेला असतो. धर्म आणि राज्य यांनी एकमेकांपासून किती लांब राहावं, यावर आपल्याकडे चर्चासत्रं पुष्कळ होतात. मला विचाराल तर त्यासाठी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरावं. तिथे हा प्रश्न पाऊणशे वर्षं रोज प्रत्यक्ष सोडवला जातोय आणि रोज नव्याने अडतोय.

आषाढी एकादशीच्या पहाटे अडीचच्या सुमारास मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. कार्तिकीचा मान उपमुख्यमंत्र्यांचा. बारीत उभं असलेलं एक वारकरी जोडपं ‘मानाचे वारकरी’ म्हणून निवडलं जातं. ते पूजेला शेजारी बसतं, त्यांचा सत्कार होतो, वर्षभराचा एसटीचा मोफत पास मिळतो. बाहेर आल्यावर मुख्यमंत्री पत्रकारांना सांगतात, की चांगला पाऊस पडू दे, बळीराजा सुखी होऊ दे, असं साकडं घातलं. पक्ष बदलतात, साकड्याचा मजकूर तोच राहतो.

एका आषाढीला मी बारीत होतो. रात्री दीडनंतर रांग हलेनाशी झाली. पुढचे एक धोतरवाले काका मागे वळून म्हणाले, ‘‘माउली, साहेब आत जाणार आता. धरा दोन तास.’’ मी विचारलं, राग नाही येत? ते म्हणाले, ‘‘राग कशाचा? ती पूजा आपलीच की. आपणच निवडून दिलंय त्यांना.’’ त्यांच्या मागे बसलेल्या मावशी डोक्यावरची पिशवी सावरत फणकारल्या, ‘‘आपली असती तर आपल्याला थांबवलं असतं का?’’ घटनेच्या अभ्यासकांनी या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. त्यातले बरेचसे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मावतात.

शासकीय पूजेला आक्षेप पूर्वीही घेतला गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला समाजवादी मंडळींनी विचारलं, की सगळ्या धर्मांच्या लोकांचं हे सरकार एका देवाची पूजा कशी करतं? पूजा काही काळ थांबली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायला गेलेल्या माणसांमध्ये बोललं जाऊ लागलं, की पूजा बंद केली म्हणून पाऊस रुसला. पूजा पुन्हा सुरू झाली ती आजतागायत. तर्क आणि दुष्काळ यांच्यात तर्काचा निभाव लागणं तसं अवघडच असतं.

त्यानंतर वाद थांबला नाही, त्याचं रूप मात्र पालटलं. २०१८ च्या आषाढीला मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं होतं. मुख्यमंत्र्यांना पूजा करू देणार नाही, असा इशारा आंदोलकांनी दिला, आणि देवेंद्र फडणवीस यांनी पंढरपूरला न जाता मुंबईत ‘वर्षा’ बंगल्यावरच विठ्ठलाची पूजा केली. २०२३ च्या कार्तिकीला उपमुख्यमंत्र्यांच्या पूजेलाही असाच विरोध झाला. बोलणी झाली, मग पूजा पार पडली. सरकारने पूजा करूच नये, असं यांतलं कुणी म्हणत नव्हतं. आधी आमचं ऐका, मग देवापुढे जा, असं ते म्हणत होते. एरवी मंत्रालयात न सापडणारं सरकार वर्षातून एकदा, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या दगडी उंबऱ्यापाशी सापडतं, हे लोकांनी बरोबर हेरलं होतं. आणि २०२० साली, करोनाच्या काळात, पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने आल्या, वाळवंट ओस पडलं. पण मुंबईहून स्वतः गाडी चालवत मुख्यमंत्री आले आणि शासकीय पूजा झाली. वारकऱ्यांशिवाय आषाढी होऊ शकली, सरकारशिवाय नाही. मला तर त्या वर्षाच्या छायाचित्रांइतकं या नात्याचं नेमकं वर्णन दुसरीकडे आढळलेलं नाही.

आता एक शब्द. १९४८ मध्ये घटना समितीत के. टी. शाह यांनी ‘सेक्युलर’ हा शब्द घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळली गेली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला. हिंदी उद्देशिकेत त्यासाठी ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. मराठी माणसाच्या कानाला निरपेक्ष म्हणजे ज्याला कसली अपेक्षा नाही तो. त्या अर्थाने साकडं घालणारं सरकार धर्मनिरपेक्ष म्हणायचं कसं, असा खोडसाळ प्रश्न पडतोच. कायद्याचा अर्थ अर्थातच वेगळा आहे. पण शब्दावरून भांडण्यापेक्षा घटनेचा पंचविसावा अनुच्छेद उघडावा. तो प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतो, आणि लगोलग राज्याला मंदिरात शिरायला दोन दारं उघडून देतो. एक हिशेबाचं: धर्माशी जोडलेल्या आर्थिक आणि इतर ऐहिक व्यवहारांवर राज्य नियंत्रण ठेवू शकतं. दुसरं सुधारणेचं: सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थळं हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्यासाठी राज्य कायदा करू शकतं. पंढरपुरात सरकार आधी दुसऱ्या दाराने आलं आणि मग पहिल्या.

दुसऱ्या दाराची गोष्ट घटनेच्याही आधीची. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, नामदेव पायरीसमोर. ज्याला आयुष्यभर आत जाता आलं नाही त्याला मरणानंतर दारात जागा मिळाली, आणि पुढची सहा शतकं त्याच्या जातीचे लोक त्या दारापर्यंतच येऊन कळसाला हात जोडून परतत राहिले. अठरापगड जातींची वारी वाळवंटात एक होई आणि महाद्वारात तिची वाटणी होई. साने गुरुजींना हे सोसवेना. १९४६ च्या कार्तिकीलाच ते उपोषणाला बसणार होते. आधी लोकांना समजावू, असं म्हणून सहकाऱ्यांनी ते पुढे ढकलायला लावलं. गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर सेवादलाची मुलं, सभा, गाणी. त्या दौऱ्यात गावोगावची कितीतरी मंदिरं आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूरचं दार मात्र बंदच होतं. १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केलं. गांधीजींनाही या उपोषणाचं औचित्य पटलेलं नव्हतं. दादासाहेब मावळंकरांसारख्यांनी मध्यस्थी केली, आणि १० मे रोजी मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरून उपोषण सुटलं. स्पर्शाने देव बाटू नये म्हणून काही जणांनी मूर्तीतलं तेज आधीच घागरीत काढून ठेवलं, अशीही गोष्ट पंढरपुरात सांगतात. खरी असो वा नसो, ती सांगितली जाते हे महत्त्वाचं: दार उघडावं लागलं तर आतला देवच हलवायचा.

त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. आणि हा कायदा पुढे कुठवर गेला, ते पाहण्यासारखं आहे. जानेवारी १९४८ मध्ये अहमदाबादला स्वामिनारायण संप्रदायाचे काही अनुयायी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, हा कायदा हिंदू मंदिरांना लागू आहे. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा, तेव्हा आमच्या मंदिरात दलितांना येऊ देण्याची सक्ती आमच्यावर करता येणार नाही. खटला अठरा वर्षं चालला. दरम्यान १९४७ च्या कायद्याच्या जागी १९५६ चा अधिक व्यापक कायदा आला. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: संप्रदाय हिंदूच आहे, दार उघडावं लागेल. निकालपत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांचं. साताऱ्यात संस्कृत पंडितांच्या घरात जन्मलेल्या या न्यायाधीशाला आधी हिंदू धर्म म्हणजे काय, ते सांगणं भाग पडलं. त्यांनी वेदांपासून संतांपर्यंत धांडोळा घेतला आणि ही एक जीवनपद्धती आहे, अशा आशयाची व्यापक व्याख्या केली. हेतू दार उघडण्याचा होता.

एकोणतीस वर्षांनी हीच व्याख्या वेगळ्याच ठिकाणी उगवली. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली होती. त्या आणि मनोहर जोशी यांच्या प्रकरणात डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिले. प्रभूंची निवड रद्दच राहिली. पण न्यायालयाने गजेंद्रगडकरांच्या व्याख्येचा आधार घेत असंही म्हटलं, की हिंदुत्व हा शब्द जीवनपद्धतीच्या अर्थानेही वापरला जातो, तेव्हा तो प्रचारात नुसता उच्चारला म्हणून धर्माच्या नावावर मत मागितलं असं होत नाही. दलितांना गाभाऱ्यात नेण्यासाठी रुंद केलेली व्याख्या निवडणुकीच्या मंडपालाही पुरली. न्यायाधीशांनी धर्माची व्याख्या करावी की नाही, याचं उत्तर देताना मला नेहमी हा प्रवास आठवतो: पंढरपूर, अहमदाबाद, विलेपार्ले. चांगल्या कामासाठी केलेली व्याख्या चांगल्या कामापुरती राहत नाही.

आता पहिल्या दाराकडे, हिशेबाच्या. इथे थोडं थांबायला हवं, कारण पंढरपूरची खरी लढाई तिथे झाली.

विठ्ठलाची व्यवस्था बडव्यांकडे होती, पूजेची कामं सात सेवाधारी घराण्यांकडे. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक पाणी आणणार, हरिदास पदं म्हणणार, डिंगरे आरसा दाखवणार, दिवटे दिवटी धरणार आणि डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. रुक्मिणीकडे उत्पात. कामाची ही नावं आडनावं होऊन बसली. नुसती यादी वाचली तरी एका राजाच्या दरबाराचं चित्र उभं राहतं, आणि ते तसंच होतं. अडचण दरबाराची नव्हती, वसुलीची होती. देवापुढे पडणाऱ्या पैशांवर त्या दिवसाचा हक्क कुणाचा, याचा बडव्यांमध्ये आपापसांत लिलाव होई. ज्याने दिवस घेतला त्याला गुंतवलेले पैसे काढायचे असत. मग ज्याच्या हातात नाणं आहे त्याचं डोकं पायावर जास्त वेळ टेकणार आणि ज्याच्या हातात नुसती तुळस आहे त्याला मागून धक्का. शिवाय बडवे आणि सेवाधारी यांच्यात कुणाचा मान किती, यावरून इंग्रजांच्या काळापासून दावे. वारकऱ्यांच्या तक्रारींचा ढीग साठत गेला.

शेवटी सरकारने बी. डी. नाडकर्णी यांचा चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या अहवालानंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा आला. बडवे, उत्पात, सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क नुकसानभरपाई देऊन रद्द, व्यवस्था समितीकडे. कायदा झाला म्हणजे संपलं असं वाटेल, पण आपल्याकडे कायदा ही बऱ्याचदा दाव्याची सुरुवात असते. समितीच्या हाती कारभार यायला १९८५ उजाडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचं म्हणणं कायमचं फेटाळलं ते जानेवारी २०१४ मध्ये. कायदा झाला तेव्हा पाळण्यात असलेलं मूल निकालाच्या दिवशी चाळिशी ओलांडून गेलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात समितीने पूजेच्या कामासाठी अर्ज मागवले. जातीची अट नव्हती, स्त्रियांनाही अर्ज करता येणार होता. साने गुरुजींनी दार उघडायला लावलं, त्याला सदुसष्ट वर्षं झाली होती. एवढ्या काळात दारातून गाभाऱ्यापर्यंतचं अंतर कापून झालं.

बडव्यांची बाजू मराठीत फारशी मांडली जात नाही. शब्दच असा पडला, की त्याला ऐकताच बडवणं आठवतं. २००५ मध्ये शिवसेना सोडताना राज ठाकरे यांनी आपलं भांडण विठ्ठलाशी नसून त्याच्याभोवतीच्या बडव्यांशी आहे, असं सांगितलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पक्षातला प्रत्येक नाराज माणूस तीच उपमा देतो. एका समाजाचं आडनाव राजकारणात शिवी होऊन बसलं. त्यांचं म्हणणं असं, की परचक्राच्या काळात मूर्ती आसपासच्या गावांत लपवून आमच्या पूर्वजांनी जपली, पिढ्यान्‌पिढ्या पहाटे काकड्याला आम्ही उभे राहिलो. आमचा हक्क मोडलात तो मोडलात, पण सरकारी पगारदाराला ती ओढ कुठून आणणार? हा प्रश्न हक्क परत मिळवायला पुरेसा नाही. प्रश्न म्हणून तो खोटाही नाही.

न्यायालयांना या सगळ्यात एक रेघ ओढायची असते: धर्माचा गाभा एका बाजूला, ऐहिक व्यवहार दुसऱ्या. १९५४ च्या शिरूर मठाच्या खटल्यात (हे शिरूर पुण्याजवळचं नव्हे, उडुपीकडचं) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता, ते त्या धर्माच्या शिकवणीवरूनच ठरवावं. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात गजेंद्रगडकरांनी त्यात पुस्ती जोडली: नुसत्या अंधश्रद्धेतून आलेल्या आणि वरून चिकटलेल्या प्रथांना ते संरक्षण नाही. इथून न्यायाधीशांवर धर्म निवडून, पाखडून काढायची जबाबदारी येऊन पडली, आणि ती अजून उतरलेली नाही.

कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. गाभाऱ्यात ती कुठून काढायची? विठ्ठलाची मूर्ती झिजते आहे. शतकानुशतकांचे स्पर्श, अभिषेक. २०२० मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक लेप दिला. २०२४ मध्ये मंदिराच्या जतनाचं काम निघालं, गाभाऱ्याच्या भिंतींवरचा चांदीचा पत्रा उतरवला गेला आणि आतला जुना काळा दगड उघडा पडला. या कामासाठी मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होतं. आता सांगा, मूर्तीला लेप देणं ही पूजा की दुरुस्ती? भक्ताने श्रद्धेने दिलेली चांदी उतरवणं हा हिशेब की उपचार? पायाला हात लावू द्यायचा की नाही, हे रसायनतज्ज्ञाने ठरवायचं की वारकऱ्याने, ज्याच्यासाठी त्या पायांवर टेकलेलं डोकं हाच अख्खा धर्म आहे? समितीच्या बैठकीत हे विषय ओळीने येतात, आणि कुठला विषय कुठल्या अनुच्छेदाखाली मोडतो, हे कुणी विचारत बसत नाही.

हिशेबाच्या दाराने आलेलं सरकार सुधारणेच्या दाराने काय करू शकतं, याचं अलीकडचं उदाहरण शनिशिंगणापूरचं. चौथऱ्यावर स्त्रियांनी जायचं नाही, अशी प्रथा. २०१६ मध्ये विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. त्यांच्या हातात कायदा होता तो तोच, १९५६ चा, जातीसाठी केलेला. त्यात हिंदूंच्या कुठल्याही वर्गाला धर्मस्थळात जाण्यापासून अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बाया हाही वर्गच की! न्यायालयाने कायदा पाळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. पाच महिन्यांनी हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्कही त्याच न्यायालयाने मान्य केला. ती बंदी अलीकडच्या काही वर्षांतलीच होती. दर्ग्याच्या विश्वस्तांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात स्त्रियांना आत येऊ देण्याचं मान्य केलं. दोन्हीकडे सरकारने स्वतःहून काही केलं नव्हतं. कायदा साठ वर्षं कपाटात होता, आणि तो काढायला कुणीतरी बाई जावी लागली.

मग सध्याचा वाद: मंदिरं सरकारच्या ताब्यातून मोकळी करा. मागणी देशभर आहे, पंढरपूरच्या कायद्यालाही मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. त्यातलं एक विधान मात्र तपासून घ्यावं, की सरकार फक्त हिंदूंच्याच देवस्थानांत हात घालतं. नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा १९५६ च्या कायद्याने चालतो, आणि २०२४ मध्ये त्याच्या मंडळावर सरकारने नेमायच्या सदस्यांची संख्या वाढवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा शीख संघटनांनी कडाडून विरोध केला. वक्फ मंडळही कायद्यानेच उभं आहे. तक्रार खरी आहे, पण ती एकट्याची नाही. आणि मोकळी केली तर कुणाच्या हाती? कोल्हापुरात २०१७ मध्ये अंबाबाईला घागरा-चोळी नेसवल्यावरून लोक रस्त्यावर आले, आणि त्यांनी मागणी केली ती वंशपरंपरागत पुजारी हटवून सरकारी पुजारी नेमण्याची. पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. भक्तांनीच सरकारला गाभाऱ्यात बोलावलं. सरकारने मंदिरातून बाहेर पडावं, असं म्हणणाऱ्यांनी त्या कोल्हापूरकरांशी एकदा बोलावं. आणि सरकार असलंच पाहिजे, असं म्हणणाऱ्यांनी समितीवर नेमणुका कशा होतात, सत्ता बदलली की त्या कशा बदलतात, याची जुनी वर्तमानपत्रं काढून पाहावीत.

पैशाचा प्रश्न उलट्या दिशेनेही येतो. २०२४ च्या वारीला सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये जाहीर केले. कुठल्याही एका धर्माच्या संवर्धनासाठी कर लावता येणार नाही, असं घटनेचा सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो. हज यात्रेच्या अनुदानावर हाच आक्षेप होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला होता, कारण कराच्या उत्पन्नातला अल्पसा भाग त्यावर जात होता. ते अनुदान पुढे २०१८ मध्ये बंद झालं. कायद्याच्या अंगाने दिंडीचे २० हजार कदाचित बसतील. मला खुपतं ते वेगळंच. वारी ही महाराष्ट्रातली अशी एक गोष्ट आहे, जिला निमंत्रण लागत नाही, आयोजक लागत नाही, कुणाचा फलक लागत नाही. वाटेवरची गावं पिठलं-भाकरी घालतात, वारकरी खातो, पुढे जातो, आणि कुणाचा मिंधा होत नाही. आता दिंडीप्रमुखाला बँकेच्या खात्याची प्रत जोडून अर्ज करावा लागला, तर पुढच्या वर्षी फलकावर कुणाचं छायाचित्र असेल, याचा अंदाज करता येतो. देवाच्या दरबारातून बडवे हटवायला एक्केचाळीस वर्षं लागली. वारीला अजूनपर्यंत बडवे नव्हते.

त्या रात्री आमची बारी साडेचारच्या पुढे सरकली. साहेब केव्हाच गेले होते. वळणावळणाने आम्ही गाभाऱ्यात पोचलो तेव्हा बाहेर उजाडून गेलं होतं. काकांनी आत जाताच डोळे मिटले, मावशींनी पिशवी दंडाला अडकवून दोन्ही हात मोकळे केले. समचरण, कटीवर हात, मागे तो लोड. डोकं टेकलं न टेकलं तोच मागून खांद्यावर हात पडला, ‘‘चला माउली, पुढे चला.’’ पूर्वी हा हात बडव्यांच्या माणसाचा असे, आता समितीच्या कर्मचाऱ्याचा असतो. बाहेर आल्यावर मावशी खांदा चोळत कठड्यापाशी टेकल्या. काका अजून हात जोडूनच होते.

‘‘साहेबांना नसंल ढकललं कुणी,’’ मावशी म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.